उंदरांनी पानात टाकलेलं

मेतकुटाचा वास आला आणि मी दारातच थांबले.

प्रयोगशाळेच्या मागे, जिथे आम्ही उंदीर ठेवतो त्या इमारतीच्या बाहेरच्या खोलीत कुणीतरी खाद्याचं नवं पोतं उसवलं होतं. गहू, सोयाबीन, कोंडा, भाजणीच्या कडेला धरलेली किंचित करपट छटा आणि तिच्यामागे पुसट खारेपणा. मऊ भातावर पसरून वर तुपाची धार सोडावी असा तो वास. ज्यांच्यासाठी तो होता ते आतल्या खोल्यांत गुलाबी नाकं वर करून वाट पाहत होते. अंगावर निळा झगा, केसांवर कागदी टोपी, तोंडावर पट्टी असा माझा सगळा जामानिमा. तरी वास आत शिरलाच. वासाला झगा नाही आणि टोपीही नाही. तो आला आणि त्याने मला त्या एका हिवाळ्यात नेऊन सोडलं.

कोलकात्यात डिसेंबर उजाडला की पंखे थांबतात. ज्यांनी इथले उन्हाळे काढलेत त्यांनाच याचा खरा अर्थ कळेल. वर्षाचा बहुतेक काळ डोक्यावर चाललेली घरघर एका सकाळी नसते, आणि तिच्याखाली दबून राहिलेलं सारं ऐकू येऊ लागतं. गार्डन रीचच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये त्या दिवसांत नदीवरच्या बोटीचा भोंगा थेट स्वयंपाकघरापर्यंत येतो. जहाजं बांधतात त्या बाजूने लोखंडावर लोखंड पडल्याचे ठोके येतात, धुक्यातून येताना त्यांच्या कडा झिजलेल्या असतात. शेजारच्या घरात पाट्यावर मोहरी वाटली जाते, तिचा ओलसर, रेटत जाणारा आवाज भिंतीतून पाझरतो. कुणीतरी खजुराच्या नव्या गुळाचा तुकडा वाटीत पाठवतं. तो हुंगताना धूर, ओली माती आणि कसलीशी कोवळी गोडी एकदम जाणवते. हवा कोरडी होते आणि शब्दही कोरडे, स्वच्छ ऐकू येतात. या शहराचा हिवाळा मला म्हणूनच आवडतो. तो दिसण्यापेक्षा ऐकण्याचा ऋतू आहे.

आणि दरवर्षी या ऐकू येण्यात माझ्यासाठी आणखी एक आवाज मिसळलेला असतो. चाळणीचा. हाताच्या तळव्यावर हलकेच आपटत जाणारी, रवा चाळायची स्टीलची चाळण.

तुम्ही नेमकं काय करता, असं मला लोक विचारतात. कॅन्सरवर काम करते एवढं सांगून माझं समाधान होत नाही आणि त्याहून जास्त सांगितलं की ऐकणाऱ्याचं. मग मी माझ्या बाबांची गोष्ट सांगते. बाबा साताऱ्याला महाविद्यालयात मराठी शिकवायचे. वृत्तं शिकवताना ते ओळीच्या डोक्यावर पेन्सिलीने खुणा करत. लघूला लहानसा अर्धचंद्र, गुरूला आडवी रेघ. ओळ तीच, अक्षरं तीच. पण त्या खुणा उमटल्या की वाचणाऱ्याचा श्वास बदले. कुठे रेंगाळायचं, कुठून धावत सुटायचं, हे अक्षरांनी सांगितलेलं नसे, खुणांनी सांगितलेलं असे. मंदाक्रांता म्हणताना मी घाई केली की बाबा बोटाने टेबलावर टकटक करत. ‘अक्षरं वाचलीस, चाल कुठे गेली?’

पेशीच्या आतही असंच काहीसं चालतं. डीएनए हा कपाटात जपून ठेवलेला मूळ ग्रंथ. कामापुरती उतरवून घेतलेली त्याची प्रत म्हणजे आरएनए. या प्रतीतल्या काही अक्षरांवर पेशी बारीक खुणा करते. मिथाइल नावाचा एक इवलासा रासायनिक ठिपका, एवढीच ती खूण. अक्षर बदलत नाही, अर्थ बदलत नाही. पण ती प्रत किती काळ टिकावी, किती वेळा वाचली जावी, कुठे चुरगळून टाकली जावी, हे त्या खुणांवरून ठरतं. आणि ज्या शाईने या खुणा होतात ती शाई आपण जेवतो. मेथिओनिन या नावाचा प्रथिनांचा एक घटक असतो, शरीराला तो स्वतः बनवता येत नाही, अन्नातूनच घ्यावा लागतो. अंड्यात तो आहे, माशात आहे, तिळात भरपूर आहे. ठिपक्यांची शाई तिथून येते. पहिल्यांदा हे शिकले तेव्हा मी कितीतरी वेळ समोरच्या डब्यातल्या तिळाच्या चटणीकडे पाहत बसले होते. ताटात पडलेली चिमूटभर चटणी पेशीतल्या एखाद्या ओळीवर अर्धचंद्र होऊन बसते, ही कल्पना मला अजूनही जुनी वाटत नाही.

आमचा प्रश्न असा होता, की शाईच कमी पडली तर काय होतं? गाठीतल्या काही पेशी घर सोडून निघतात, रक्तातून प्रवास करतात आणि फुप्फुसात जाऊन बिऱ्हाड थाटतात. माणसाचा जीव बहुधा मूळ गाठ घेत नाही, ही दुसरी बिऱ्हाडं घेतात. त्या निघालेल्या पेशींना वाटेत जगण्यासाठी जे निरोप लागतात, त्यांच्यावरच्या खुणा पुसट झाल्या तर त्या पोहोचतील का? रुजतील का?

रुजणं म्हणजे काय हे मी पुस्तकातून शिकले नाही, बदलीतून शिकले. माझे यजमान नितीन रेल्वेत. त्यांची इथे बदली झाली आणि ट्रक येऊन टेकला त्या संध्याकाळी आमच्या आधी आलेल्या एका मराठी काकूंनी मला पहिली गोष्ट सांगितली ती शाळेची नव्हे, दवाखान्याची नव्हे. बाजारातल्या कुठल्या दुकानात गोडा मसाला मागवून ठेवतात, ज्वारीचं पीठ कुणाकडे मिळतं आणि तुरीची डाळ घेताना काय पाहायचं, हे त्यांनी सांगितलं. ‘वाणी सापडला की गाव आपलं होतं,’ त्या म्हणाल्या. गाठीतून निघालेल्या बहुतेक पेशी वाटेतच मरतात. परक्या मातीत त्यांचा वाणी त्यांना सापडत नाही. एखादीला सापडतो, आणि घात होतो. सूक्ष्मदर्शकाखाली असं एखादं बिऱ्हाड पाहताना माझ्या मनात द्वेषाबरोबर एक चोरटी ओळखही जागी होते, हे मी कुठल्याही परिषदेत बोललेले नाही.

त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला आमच्या हाती पहिलं फळ आलं. मौमिता ही माझी संशोधक विद्यार्थिनी. बराकपूरहून रोज सियालदाची लोकल धरून यायची, शालीत धुक्याचा ओलावा घेऊन. तिचं सगळं शिक्षण, आयुष्यातली उमेदीची वर्षं या एका प्रश्नावर लागली होती. तिने उंदरांचे दोन गट केले होते. दोघांनाही मेतकुटाच्या वासाचं नेहमीचं खाद्य सोडवून पांढऱ्या गोळ्या द्यायच्या. दिसायला सारख्या, घटक सारखे, फरक एवढाच की एका गोळीत मेथिओनिन पुरेपूर आणि दुसरीत जवळजवळ नाहीच. सगळ्यांच्या अंगात सारख्याच कर्कपेशी सोडलेल्या. ठरलेला काळ संपला आणि फुप्फुसं पाहायची वेळ आली. पहिल्या गटाच्या फुप्फुसांवर पांढरे ठिपके विखुरलेले, तांदूळ सांडावेत तसे. दुसऱ्या गटाची फुप्फुसं मौमिताने पाहिली. तिने ती बशी माझ्यापुढे सरकवली. गुलाबी. शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी गुलाबी, क्वचित एखादा ठिपका. ज्या मुक्या जिवांच्या बळावर आम्ही हे पाहत होतो त्यांच्यासाठी मी नेहमी क्षणभर थांबते; त्या दिवशी तो क्षण संपवणं मला जड गेलं, कारण मागून आनंद ढकलत होता.

‘दिदि,’ मौमिता शेवटी म्हणाली, ‘हे असंच दिसायला हवं होतं. इतकं असंच दिसतंय की मला भीती वाटते.’

‘भीती कसली?’

‘आजवर माझं काही इतकं सरळ झालेलं नाही. ट्रेनसुद्धा नाही.’

खुणाही कमी झालेल्या होत्या, आम्ही मोजून पाहिल्या होत्या. शोधनिबंध लिहून झाला. चित्रं झाली. शीर्षकावर आम्ही भांडलो, शेवटी तिचं घेतलं. परदेशातल्या एका प्रयोगशाळेने तिला बोलावलं होतं, हा निबंध हातात असला की तिची जागा पक्की होती. नाताळच्या सुमारास तो पाठवायचा असं ठरलं आणि मी त्या आठवड्यात गार्डन रीचच्या रस्त्यावरून घरी येताना रिक्षात बसून चक्क गुणगुणत होते. आनंदाला चाल असते. रिक्षाच्या दांडीवर माझी बोटं गुरू-लघू-गुरू पडत होती.

नेमके त्याच सुमारास माझे सासू-सासरे हिवाळ्यासाठी आमच्याकडे आले होते. पुण्यापेक्षा इथली थंडी गोड असते असं अण्णांचं, म्हणजे सासऱ्यांचं, म्हणणं; सासूबाई, म्हणजे आई, म्हणत की थंडी नव्हे, हलवायाकडचे संदेश गोड असतात. डॉक्टरांनी अण्णांचं मीठ तोडलं होतं. एक वेळ माणूस सोडतील पण मीठ सोडणार नाहीत अशांपैकी ते. आई त्यांच्यासाठी वेगळी अळणी भाजी करत आणि ती त्यांच्या पानात वाढताना एखाद्या न्यायाधीशासारख्या गंभीर होत.

त्या रात्री दुधीची भाजी होती. अण्णा लवकर उठले. ‘जेवलो बरं का पोटभर. पान बघ, लख्ख.’

पान लख्ख होतं खरं. एक अर्धी पोळी तेवढी उरली होती. आईंनी ती चिमटीत धरून उचलली. खाली दुधीची सगळी भाजी, शिस्तीत पसरलेली.

‘हे काय? पांघरूण घालून झोपवलंत का तिला?’

‘थंडी आहे,’ अण्णा म्हणाले. ‘तिलाही वाजत असेल.’

‘आणि ताटाबाहेर हे काय सांडलंय? चिवडून चिवडून भुगा केलाय नुसता. लहान मुलांनी करावं तसं.’

‘अळणी अन्न माणूस खात नाही, फक्त हलवतो. त्याला वाटतं जेवतोय, बायकोला वाटतं जेवतोय. सगळे सुखी.’

नितीन हसत सुटले. मी हसले नाही. माझा घास हातात तसाच राहिला होता. मी ताटाबाहेरच्या त्या भुग्याकडे पाहत होते.

‘वैदेही, काय झालं गं? जेव ना.’

‘आई, आम्ही जाळीत उरलेलं मोजलं. पांघरुणाखालचं नाही मोजलं.’

कुणाला काही कळलं नाही. मग मी सांगितलं. उंदरांच्या पिंजऱ्याच्या वरच्या जाळीत खाद्य ठेवतात. रोज किती ठेवलं आणि किती उरलं हे वजन करून पाहतात. कमी झालं तेवढं खाल्लं असं धरतात. दोन्ही गटांचं सारखं कमी होत होतं, म्हणून आम्ही निश्चिंत. पण जाळीतून ओढून घेतलेलं सगळं पोटातच गेलं कशावरून? खाली मक्याच्या बुरकुंडाच्या, म्हणजे दाणे काढलेल्या कणसाच्या, चुऱ्याचं अंथरूण असतं. कुरतडून, चिवडून, खाली सांडून ठेवलं असेल तर? कमी मेथिओनिनची गोळी त्यांना अळणी लागत असेल तर? अन्नात अत्यावश्यक काही नसलं की उंदराला ते फार लवकर उमगतं, जिभेला कळण्याहून खोल कुठेतरी उमगतं, हे मी स्वतः मुलांना शिकवते. मग फुप्फुसं गुलाबी राहिली ती शाई कमी पडल्यामुळे, की उंदीर बिचारे निव्वळ उपाशी राहिल्यामुळे? उपासाने गाठी मंदावतात हे जुनं आहे. त्यात आमचा शोध कुठेच नाही.

अण्णांनी मान डोलावली. ‘म्हणजे तुझे उंदीर माझ्याच शाळेत शिकले.’

दुसऱ्या दिवशी मी आईंकडून रव्याची चाळण मागितली. त्यांनी ती दिली, पण दोन बोटांत धरून. ‘ने. मात्र ही आता माझ्या स्वयंपाकघरात परत आणायची नाही. माझ्याकडून उंदरांना आहेर समज.’

मौमिताला मी काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं की पडताळणीसाठी त्याच दोन गोळ्यांवर ठेवलेल्या उंदरांच्या दुसऱ्या तुकडीचं अंथरूण बदलताना आज फेकू नकोस. आम्ही दोघी जमिनीवर कागद पसरून बसलो. पहिल्या गटाचं अंथरूण चाळलं, खाली थोडी पांढरी पूड पडली. दुसऱ्या गटाचं चाळायला घेतलं. तळव्यावर चाळण आपटत होती, टप, टप, टप, आणि कागदावर पांढरं काहीतरी साचत चाललं होतं, रांगोळीची मूठ सैल सुटावी तसं. मक्याचा चुरा जाड, तो वर राहत होता. खाली पडत होतं ते खाद्य. मौमिताचा हात हळू झाला, मग थांबला.

‘त्यांनी खाल्लंच नाही, दिदि.’

‘काही खाल्लं. काही पानात टाकलं.’

ती कागदाकडे पाहत राहिली. बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं. थंडीत प्रत्येक आवाज जसा स्वच्छ येतो तसाच तिचा पुढचा श्वासही मला ऐकू आला.

‘निबंध पाठवायचा नाही का?’

‘तू सांग.’

‘तुम्ही सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर मी तुमच्यावर रागावू शकेन. मी नाही म्हटलं तर कुणावर रागावू?’

मी म्हटलं, ‘बरं. नाही पाठवायचा. आता रागाव.’

ती रागावली. दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली, आणि त्या दोन दिवसांत तिने पुढच्या प्रयोगाची सारी आखणी एकटीने करून माझ्या टेबलावर ठेवली. त्यात आता तिसरा गट होता. या तिसऱ्या गटाला मेथिओनिन असलेलंच पुरेपूर खाद्य द्यायचं. पण दुसऱ्या गटाने काल जेवढं खरोखर पोटात घातलं, नेमकं तेवढंच. दोघांची भूक सारखी, शाई वेगळी. फरक भुकेचा असेल तर या दोन गटांची फुप्फुसं सारखीच दिसतील. शाईचा असेल तर दिसणार नाहीत. इतका साधा प्रश्न मी पूर्वी कधी कुणाला विचारला नव्हता. त्याचं उत्तर काय येईल हे मात्र मला अजिबात माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर गुणगुणत आले होते त्या आठवड्यापेक्षा मी आता जास्त जागी होते.

ज्यांनी एखादी कविता लिहून पाहिली आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. ओळ जमली असं वाटतं तेव्हा एक सुख असतं. पण ती ओळ खोटी आहे हे कळतं आणि खरी कुठे असेल याचा वास मात्र येऊ लागतो, त्या अवस्थेला सुख हा शब्द अपुरा पडतो. सगळी इंद्रियं टोकदार होतात. चहा जास्त गरम लागतो. रस्त्यावर भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास दोन गल्ल्या आधीपासून येतो. हे वय वाढल्यावर कमी होईल असं मला तरुणपणी वाटायचं. झालेलं नाही.

पौष सुरू झाला. आम्ही रोज चाळत होतो. सुट्टी नाही, रविवार नाही. काल कुणी किती खाल्लं हे कळल्याखेरीज आज कुणाला किती वाढायचं हे ठरत नाही. मौमिताच्या केसांत पांढरी पूड बसे, ती तशीच बराकपूरच्या गाडीत चढे. तिची आई विचारायची म्हणे, तुला शिकायला पाठवते की पिठाच्या गिरणीत. एकदा ती पातिशापटा घेऊन आली, तांदळाच्या धिरड्यात नारळ आणि नवा गूळ गुंडाळलेला. बाहेरच्या पायरीवर उन्हात बसून आम्ही खाल्ला, आणि मी पाहिलं की तिने आपल्या कागदावरचा कणन् कण बोटाने टिपून घेतला. ‘हल्ली काही सांडलेलं पाहवत नाही,’ ती म्हणाली.

संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. कोलकात्यातल्या मराठी बायका अशा दिवशी कुठून कुठून येतात. कुणी बँकेतल्यांच्या, कुणी विमा कंपनीतल्यांच्या, सॉल्ट लेककडच्या आयटीतल्या दोघीतिघी. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, आणि घरभर भाजलेल्या तिळाचा तो तपकिरी, गळ्यापर्यंत उतरणारा वास.

‘काय गं वैदेही, तुझे उंदीर काय म्हणतात?’ आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं.

‘तिळगूळ घ्या म्हणतात.’

‘पण तुझ्या शास्त्रात तीळ वाईट ना? नितीन सांगत होते.’

‘नितीन रेल्वेत आहेत, काकू. त्यांनी गाड्यांचं सांगावं.’

‘ते तरी कुठे बरोबर सांगतात,’ काकू म्हणाल्या, आणि हसू पिकलं.

सुनंदाताई हसल्या नाहीत. त्यांचे यजमान बँकेत. वर्षभरापूर्वी त्यांच्या स्तनाचं ऑपरेशन झालेलं, पुढचे सगळे उपचारही. गेलेले केस परत आले होते ते कुरळे, काळे, जन्मात कधी नव्हते असे. हळदीकुंकू घेऊन त्या माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या.

‘खरं सांग. मी तीळ सोडू का? अंडी सोडू? मी काहीही सोडीन. मीठ सोडलंय, साखर सोडलीय, दूध सोडलंय. ज्याने जे सांगितलं ते.’

त्यांचा हात मी धरला. बांगडी कोपरापर्यंत सरकत होती.

‘ताई, माझ्या उंदरांचंच मला अजून नक्की कळलेलं नाही. माणसांचं तर मला काहीच माहीत नाही. तुमचे डॉक्टर काय म्हणतात?’

‘वजन वाढवा म्हणतात.’

‘मग खा.’

त्यांनी थाळीतली एक वडी उचलली, जराशी पाहिली, आणि तोंडात टाकली. तीळ दाढेखाली फुटल्याचा आवाज आला. तो ऐकताना मी थाळी त्यांच्याकडे आणखी सरकवली. कारण निबंध ठरल्या वेळी गेला असता तर तो कुठल्यातरी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात एका ओळीचा होऊन याच स्वयंपाकघरात आला असता, आणि ती ओळ कदाचित नुसत्या उपासाची असती. भुकेल्या उंदरांवरून आम्ही आधीच वाळलेल्या एका बाईला आणखी उपाशी राहायला सांगितलं असतं. बाहेर आई कुणाला तरी आग्रह करत होत्या, ‘अजून एक घ्या, लहानशी आहे.’ त्या आग्रहाइतकं शहाणं शास्त्र त्या क्षणी मला दुसरं दिसत नव्हतं.

आता हे लिहिताना खिडकीबाहेर तेच धुकं आहे. यंदा अण्णा आलेले नाहीत, गुडघे प्रवास नको म्हणतात. फोनवर मात्र पहिला प्रश्न उंदरांचा असतो आणि दुसरा, मीठ किती खातात ते. ती चाळण अजून प्रयोगशाळेत आहे. नव्या मुली तिला विकत आणलेलं उपकरण समजतात. त्यांना मी पहिल्याच आठवड्यात जमिनीवर कागद पसरून बसवते. जाळीतलं उरलेलं वजन कुणीही करील, मी म्हणते. आधी अंथरूण चाळा. त्या माझ्याकडे थोड्या संशयाने पाहतात. मलाही बाबा टेबलावर टकटक करत तेव्हा असाच संशय येई.

त्या वर्षीची सरस्वतीपूजा आली. रस्तोरस्ती पिवळ्या साड्या, झेंडूच्या माळा, हवेत किंचित उबेची चाहूल. हिवाळा संपत आला की या शहराला एकदम वसंताची घाई होते. त्याच सुमारास प्रयोगाचा काळ भरला. फुप्फुसांचे पातळ काप काचांवर चढले, जांभळ्या-गुलाबी रंगात रंगले आणि शर्मिष्ठादींकडे गेले. शर्मिष्ठादी आमच्याकडच्या विकृतितज्ज्ञ, माझ्याहून वयाने बऱ्याच मोठ्या, फार न बोलणाऱ्या. सूक्ष्मदर्शकाशी त्यांचं नातं जुन्या गवयाचं तंबोऱ्याशी असावं तसं. कुठली काच कुठल्या गटाची हे त्यांना सांगायचं नसतं. मोजणाऱ्याच्या डोळ्यात आशा उतरू नये म्हणून ही रीत. त्या दिवसांत मौमिता त्यांच्या खोलीवरून जाताना पाऊल न वाजवता जायची.

मोजणी संपल्यावर त्यांनी आम्हाला बोलावलं. खोलीत कापराचा वास होता, बहुधा त्यांच्या शालीचा. मौमिताने कुठली काच कुठली ते सांगितलं आणि शर्मिष्ठादी एकेक उचलून टेबलावर मांडू लागल्या, तीन रांगांत. पोटभर जेवलेले. शाई नसलेले. शाई असून भुकेले. मी जवळ गेले नाही. काचा उजेडात धरल्या तरी मोठे ठिपके नुसत्या डोळ्यांना दिसतात, आणि मला ते आधी दिसायला नको होते. तरी दिसलंच. तिसऱ्या रांगेतल्या काचांवर ठिपके पहिल्या रांगेपेक्षा कितीतरी कमी होते. म्हणजे भुकेने आपलं काम केलं होतं. म्हणजे आमच्या त्या पहिल्या, शिंपल्यासारख्या गुलाबी आनंदातला मोठा वाटा उपासाचा होता. मौमिताने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली.

शर्मिष्ठादींनी दुसऱ्या रांगेतली एक काच घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, पाहिली. मग तिसऱ्या रांगेतली एक. पुन्हा दुसरीतली. पुन्हा तिसरीतली. बोटांनी चकती फिरवण्याचा बारीक कुरकुर आवाज येत होता. आपल्या समोरच्या कागदावरच्या आकड्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं, आणि पुन्हा डोळे भिंगाला लावले. आकड्यांवर त्यांचा विश्वास असतो, पण डोळ्यांनंतर.

‘दिदि,’ मी म्हटलं, ‘पहिल्यांदा दिसला तेवढा फरक नाही हे मला कळतंय. तो जाऊ दे. पण भूक वजा केल्यावर, या दोन रांगांत, काही उरतं का?’

त्यांनी डोळे भिंगावरून काढले नाहीत. फक्त डावा हात मागे केला आणि मौमिताच्या, इतके दिवस पूड झेललेल्या, केसांवर ठेवला.

‘आछे,’ त्या म्हणाल्या. आहे.